आगमनकाळ आणि माझं बळ

३० नोव्हेंबर, रविवार
नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांतला पहिला. ठराव: रोज पहाटे पाचला प्रार्थना. चहा बंद. हिचं हृदयाचं ऑपरेशन सोळा तारखेला. तोवर प्रभूकडून एवढं बळ मिळवायचं की मी खडकासारखा उभा. घरात कुणीतरी खंबीर हवंच. हिने चार मेणबत्त्या मांडल्या, पहिली पेटवली. बजावलं, दर रविवारी एकच वाढवायची, घाई करायची नाही. म्हटलं, मला काय शिकवतेस!

१ डिसेंबर
उठलो सव्वाआठला. अंथरुणातच प्रार्थना केली. देव मन बघतो.

४ डिसेंबर
डॉक्टरांनी झडपेचं चित्र काढून समजावलं. हिने प्रश्न विचारले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. घरी येऊन दुसरी मेणबत्ती लावली. रविवारपर्यंत कोण थांबणार? चहा घेतला. अर्धाच. दोनदा.

८ डिसेंबर, सोमवार
ही ॲडमिट झाली. आधी शुगर खाली आणायची म्हणे. सोबतीला मेहुणी. मी गेटपर्यंत गेलो, बॅग दिली. सगळेच आत गेले तर घरी प्रार्थना कोण करणार?

१० डिसेंबर
आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. आज शिकणाऱ्या बाई सरळ रस्त्याने नीट चालल्या होत्या, तरी मी सारखा दाबत होतो. बाई म्हणाल्या, सर, गाडी मी चालवतेय की तुम्ही? मालकाने सुट्टी दिली. म्हणजे भेटायला न जायचं कारणच गेलं. प्रार्थनेची वेळ संध्याकाळी पाच ते सात केली. हॉस्पिटलात भेटायची वेळही नेमकी तीच. नाइलाज आहे.

१२ डिसेंबर
चारही मेणबत्त्या एकदम लावल्या. संपल्या. 'देवा, हिला' इथवर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ही नसेल तर? हे वाक्य लिहायचं नव्हतं. तेवढ्यात हिचाच फोन. जेवलात का? मेणबत्त्या किती झाल्या? म्हटलं, दोन. आजारी माणसाला धीर द्यायला थोडं खोटं चालतं.

१४ डिसेंबर, रविवार
चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, मी घरूनच आध्यात्मिक पहारा देतोय. म्हणाले, तो कॉटजवळ बसून देता येत नाही का? माणूस चांगला आहे, पण समज जरा कमी.

१५ डिसेंबर
हिचा फोन. उद्या याल ना? बाकी काही नाही. जाणार! धीराचं भाषण तयार केलं, आरशासमोर म्हटलं. दुसऱ्या मुद्द्याला हुंदका आला. तो मुद्दा काढला. मग पहिल्यालाच आला.

१६ डिसेंबर
वेळेत पोचलो. हिला स्ट्रेचरवरून नेत होते. केवढीशी दिसत होती. 'भिऊ नकोस' म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आलो तर मीच स्ट्रेचरवर, हाताला सलाइन. मेहुणी म्हणाली, भावोजी, ताईने स्ट्रेचर थांबवायला लावलं, तुमच्यासाठी प्रार्थना केली, मगच आत गेली. वर सिस्टरला सांगून गेली, यांच्याकडे लक्ष ठेवा.

ऑपरेशनला बराच वेळ लागेल म्हणे. मेहुणी दाराशी बसलीये. मला उठायची परवानगी नाही.

देवा, माझ्या वाट्याचं जे बळ अजून पोचलेलं नाही, ते इकडे पाठवू नकोस. परस्पर तिलाच दे.