चौदा ऑगस्टच्या पाण्याची दुरुस्ती

प्रति,
मा. मुख्य नोंद अधिकारी,
किनारी सागरजल नोंद कार्यालय,
सेंट जॉन्स, न्यूफाउंडलँड.

अर्जदार : श्रीमती एल्फ्रीडा पिंचार्ड, पाणी निरीक्षक, गॅनेट टिकल धक्का.

विषय : दि. १४ ऑगस्ट १९८६ ची समुद्राच्या पाण्याच्या तापमानाची व क्षारतेची नोंद रद्द करून खरी नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ९ मार्च १९८७ चा अर्ज.
२) आपले दि. २८ सप्टेंबरचे नकाराचे पत्र.
३) त्याच पाकिटातून आलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार गेली एकोणीस वर्षं आमच्या धक्क्यावर समुद्राचं पाणी मोजते. सकाळी सहाला धक्क्याच्या टोकावरून बादली सोडायची, तापमापक तीन मिनिटं पाण्यात ठेवायचा आणि बाहेर न काढता वाचायचा, कारण वारा लागला की पारा लगेच खोटं बोलतो. मग उंच काचपात्रात काचेचा तरंगता घनतामापी सोडायचा. पाणी काचेला चिकटून कडेनं थोडं वर चढतं, तिथला आकडा घ्यायचा नाही, मधल्या खोलगट भागाचा घ्यायचा. त्यावरून आपल्या तक्त्यात बघून हजार भाग पाण्यात मीठ किती ते लिहायचं. दर गुरुवारी एक बाटली भरून पेटीत ठेवायची. आकडे दुपारी बाराला आपल्या कार्यालयात फोनवर सांगायचे. एवढंच काम आहे, आणि ते शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या बाईला चांगलं जमतं.

मार्चच्या अर्जात अर्जदाराने "नजरचुकीने" चुकीचा आकडा गेला असं लिहिलं होतं. तो शब्द खोटा होता. नजर त्या दिवशी पाण्याकडे गेलीच नव्हती. म्हणून हा दुसरा अर्ज.

१. निरीक्षकांमध्ये एक रीत आहे, ती आपल्या पुस्तिकेत नाही. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी कालचाच आकडा लिहायचा. अर्जदाराला ही रीत आधीचे निरीक्षक एझ्राकाका यांनी कामाबरोबरच सोपवली. "अगं, समुद्र काय सासरचा पाहुणा आहे का, रोज नवं नाटक करायला?" हे त्यांचे शब्द. अर्जदाराचे यजमान हेडली पिंचार्ड यांना हे कधीच पटलं नाही. ते मासेमारीला जाताना दारातून ओरडायचे, "फ्रीडा, आज पण सरकारला शिळं पाणी विकणार का?" अर्जदार हसायची. एकोणीस वर्षांत अशा बासष्ट नोंदी आहेत. यादी सोबत जोडली आहे.

२. १४ ऑगस्ट, गुरुवार. त्याआधी चार दिवस नैर्ऋत्येचा वारा होता. तो वरचं ऊबदार, हलकं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि खालचं गार, जड, जास्त खारट पाणी किनाऱ्याला वर येतं. हे आपल्याला सांगायला नको. १३ तारखेला पाणी ४.१ अंश होतं, मीठ ३२.१. चौदाला पहाटे साडेचारला अर्जदार शेजारच्या दोघींबरोबर होडीने खाडीच्या वरच्या अंगाला दलदलीतली पिवळी रानफळं वेचायला निघाली. मुरंबा हेडलींनाच हवा होता. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, अर्जदाराने नोंदवहीत लिहिलं : ४.१, ३२.१. दुपारी परतल्यावर बारा वाजता तोच आकडा आपल्याला फोनवर सांगितला. आपल्याकडच्या मुलीने "थँक्यू, मिसेस पिंचार्ड, तुमचं कधीच चुकत नाही" असंही म्हटलं.

३. हेडली त्या दिवशी एकटेच गेले होते. ते दुपारी एकपर्यंत परतायचे, परतले नाहीत. तीन वाजता बचावनौका निघाली. धुकं होतं. बचाव केंद्राने आपल्या कार्यालयाकडे पाण्याचं तापमान विचारलं आणि आपण ते तत्परतेने पुरवलं. केंद्राच्या तक्त्यात तापमानाच्या पुढे माणूस किती तास टिकतो ते छापलेलं असतं. चार अंशाच्या पुढे फार थोडे तास छापले आहेत. नौकेचे स्किपर कॅलेब स्नूक, हेडलींचे मावसभाऊ, यांनी संध्याकाळी सातला शोध थांबवला. चौकशीत त्यांनी सांगितलं, "चार अंशाच्या पाण्यात तो केव्हाच गेलेला असणार होता. मेलेल्या माणसासाठी सात पोरांना धुक्यात खडकांवर नेऊ का मी?" चौकशीने त्यांना निर्दोष ठरवलं. कागदोपत्री.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हेडली सापडले. होडी उलटली होती. ते तिच्या पाठीवर पालथे होते, पट्ट्याने स्वतःला बांधून घेतलेले, पाय पाण्यात. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ लिहिली : पहाटे चार. म्हणजे शोध थांबल्यावर नऊ तास. चार अंशाच्या पाण्यात पाय ठेवून एवढा वेळ माणूस राहत नाही असं डॉक्टरच म्हणाले, आणि मग अर्जदाराकडे बघून म्हणाले, "चिवट होता." अर्जदाराने मान हलवली.

५. आता दाराबद्दल. सदर नोंदीचं सामान धक्क्यावरच्या खोपटात असतं. त्याचं दार आत उघडतं आणि भिंतीला चिकटतं. हेडलींना खोपटात शिरलं की दार लावायची सवय होती, अर्जदाराला नाही. "दार लाव गं, वारा येतो," यावरून अर्जदाराने घरी आणि खोपटात मिळून संसाराची बावीस वर्षं बोलणी खाल्ली. नोव्हेंबरमध्ये पहिली कडाक्याची थंडी पडली तेव्हा अर्जदाराने ते आतून प्रथमच लावलं. दाराच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने लिहिलं होतं :

"फ्रीडा, ताजं घे. ५ वाजता. १२.४. मीठ ३०.९. वारा फिरला. बाटली भरली. आता तरी शिळं पाठवू नकोस. — हे."

वारा रातोरात ईशान्येला फिरला होता, वरचं ऊबदार पाणी किनाऱ्याला परत आलं होतं. बारा अंशाच्या पुढे तक्त्यात किती तास छापले आहेत, ते आपण बघावं. अर्जदाराने बघितले आहेत.

६. आपल्या पत्रातील कारणांना क्रमाने उत्तर देते.

(अ) आपण म्हणता, एका दिवसात आठ अंशांचा फरक "असंभाव्य" आहे. वारा फिरला की तो होतो. आपले यंत्र असा आकडा आला की लाल खूण करते. शिळ्या आकड्याला मात्र ते कधीच लाल खूण करत नाही, कारण तो कालच्यासारखाच असतो.

(आ) आपण म्हणता, दारावरील नोंद "विहित नमुन्यात, विहित वेळी व अधिकृत निरीक्षकाने" केलेली नाही. सहाच्या ऐवजी पाचला मोजलं, हे खरं आहे. त्यांना मासेमारीला जायचं होतं.

(इ) आपण म्हणता, पुरावा नाही. पुरावा आपल्याकडे आहे. त्या गुरुवारची बाटली, क्रमांक ३३, शुक्रवारच्या टपालबोटीने गेली. ती कोणी भरली हे विचारण्याच्या स्थितीत शुक्रवारी इथे कोणी नव्हतं. आपल्या प्रयोगशाळेने तिच्यातलं मीठ ३०.९ मोजलं आणि पुढे लिहिलं : "नोंदवहीशी जुळत नाही. पावसाचं पाणी मिसळलं असावं. अग्राह्य." महोदय, चौदा तारखेला पाऊस नव्हता. बाटलीच्या गळ्याला जाळ्याच्या सुतळीचे दोन वेढे आणि सपाट गाठ असेल. अर्जदार तशी गाठ मारत नाही. आपल्या पाण्याने साक्ष दिली होती, आपण साक्षीदाराला खोटं ठरवलंत.

(ई) आपण म्हणता, ही नोंद काढली तर एकोणीस वर्षांची "विनाखंड" मालिका खंडित होईल आणि अभ्यासकांची गैरसोय होईल. त्यासोबत आपण सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्र पाठवलंत. ते सोबत परत करत आहे. चौकट अर्जदाराने ठेवून घेतली, ती चांगली आहे.

७. मार्चमध्ये तपासणीला आलेल्या आपल्या बाईंनी अर्जदाराला विचारलं होतं, "आकडा बदलला म्हणून ते परत येणार आहेत का?" त्याचं उत्तर आता देते. ते येणार नाहीत. पण कॅलेब स्नूक चालले आहेत.

गावात कोणी त्यांच्या बोटीवर काम करत नाही. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसत नाही. ईस्टरला त्यांच्या दाराला कॉड माशाचं डोकं ठोकलेलं होतं, तोंडात चमचा. अर्जदाराच्या सासूबाई, ड्रुसिला पिंचार्ड, वय चौऱ्याऐंशी, ते रस्त्याने दिसले की खिडकी उघडतात : "तो बघा चालला. जेवायची वेळ झाली म्हणून माझ्या पोराला सोडून आलेला." कॅलेब टोपी काढतात आणि पुढे जातात. एकदाच थांबून म्हणाले, "मावशी, पाणी चार अंश होतं." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या रक्ताइतकं." अर्जदार तेव्हा त्याच खिडकीशी बटाटे सोलत होती. नोव्हेंबरपासून तिला माहीत होतं, आणि ती बटाटे सोलत राहिली. अकरा महिने. त्यांनी हिवाळ्यात दोनदा सरपण आणून दाराशी ठेवलं. अर्जदाराने ते जाळलं, दार उघडलं नाही.

स्किपर स्नूक ३१ ऑक्टोबरच्या बोटीने घर सोडून कायमचे जात आहेत. मी हे अर्जदार म्हणून लिहायला घेतलं होतं, तसं आता पुढे जात नाही. तो आकडा मी लिहिला. कॅलेबने माझा आकडा वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. त्याची चूक एवढीच.

तरी विनंती की :

१४ ऑगस्ट १९८६ ची ४.१ ही नोंद खोडावी आणि तिच्या जागी १२.४, मीठ ३०.९ लिहावं. निरीक्षकाच्या रकान्यात हेडली पिंचार्ड हे नाव घालावं. नियमात बसत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी, पण माझा आकडा तिथे राहू देऊ नये. बाटली क्र. ३३ अजून असल्यास फेकू नये, परत पाठवावी. टपालखर्च मी देईन. मला कामावरून काढायचं असेल तर तसं कळवावं, तोपर्यंत मी बादली सोडत राहीन.

आपली नम्र,
एल्फ्रीडा पिंचार्ड
निरीक्षक (नोंद खंडित)
गॅनेट टिकल, दि. २२ ऑक्टोबर १९८७

सोबत : १) शिळ्या बासष्ट नोंदींची यादी. २) प्रशस्तिपत्र, चौकटीशिवाय. ३) दारावरील मजकुराचा फोटो. (आपण मूळ फळी मागितली होती. ती मिळणार नाही.)

प्रत : १) मा. अध्यक्ष, चौकशी समिती. २) स्किपर कॅलेब स्नूक, हाती. ३) धक्क्यावरचा सूचना फलक. आज सकाळी चार खिळ्यांनी लावली. पहिल्या वाचक सासूबाई. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि त्या घरी आल्या नाहीत, कॅलेबच्या पायरीवर जाऊन बसल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आजचं पाणी, सकाळी सहा : ६.८ अंश, मीठ ३१.४. प्रत्यक्ष मोजलं. दार लावून.