शिंपीकाकांची नाडी

४ मार्च
शिंपीकाकांची नाडी पुन्हा मंद! मला पटेना म्हणून दुसऱ्या सिस्टरला धरायला सांगितली. तिचाही चेहरा उतरला.

हाताच्या थरथरीवरच्या नव्या गोळीची चाचणी आहे. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती साखरेची — दिसायला दोन्ही सारख्या. कुणाच्या बाटलीत काय, ते मोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, मला कुठलं! काकांना विचारलं, चक्कर येते का? म्हणाले, "चक्कर गेली खड्ड्यात! काल सुईत दोरा ओवला, सिस्टर!" शेजारचे पेंटर — दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तेही याच चाचणीत — टाळ्या वाजवायला लागले. चाचणीच्या पेशंटांचा सगळा बाक हसला. मला काही हसू येईना.

५ मार्च
घास उतरत नाही. हे म्हणतात, "दवाखाना दवाखान्यात ठेवून येत जा." यांना काय जातंय बोलायला!

७ मार्च
काका शिलाई मशीनवरच कोसळले. मुलगी गाडीत घालून घेऊन आली. ओठ पांढरेफटक. जिवावर बेतलं तर पेशंटची गोळी कोणती ते लिहिलेलं सीलबंद पाकीट फोडायचं, असा नियमच आहे. फोडलं.

काकांची बाटली साखरेची!

सगळे एकदम मोकळे झाले. मोठे डॉक्टर काकांच्या खाटेशीच म्हणाले, "बघा सिस्टर! साप साप म्हणून भुई धोपटत होतात. साखरेनं नाडी पडते का कधी? यांचं हृदयच दमलंय. छातीत मशीन बसवू." मी विचारलं, आणि हात सुधारला तो? "आशेनं सुधारतो. पुष्कळांचा सुधारतो."

असेल. पण मी नाडीचे जुने आकडे काढून पुन्हा बघत बसले.

८ मार्च
दोन वेळा नाडी बघितली, छान भरली होती. संध्याकाळी पेंटर भेटून गेले आणि नंतर परत घसरली! मुलगी माझा हात धरून रडली. "मावशी, बाबा जगतील ना?" मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

९ मार्च
पडद्याआड उभी राहिले. लाज वाटली, पण राहिले. पेंटर आले, इकडेतिकडे बघितलं आणि काकांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. काकांनी ते तोंडात टाकायच्या आत मी मूठ धरली. आमचीच गोळी!

पेंटर घाबरून भडाभडा बोलले. "पहिल्यापासून आम्ही दोघांच्या बाटल्या एकत्र ओततो, हलवतो, निम्म्या-निम्म्या घेतो. एकाचा हात सुधारायचा आणि दुसऱ्यानं बघत बसायचं? बरं दिसतं का ते? तुम्ही उरलेल्या मोजता, त्याही बरोबर जुळवून देतो. आता याची साखरेची निघाली, तरी हात सुधारला, म्हणजे माझी खरी असणार. म्हणून मी माझी सोडली आणि याला आणून देतोय."

जीव द्यायला निघाला होता की घ्यायला? ओरडायचं होतं मला. रडूच आलं. काका नुसतं म्हणाले, "त्याला रागावू नका हो."

१० मार्च
छातीतलं मशीन रद्द. गोळी बंद केल्यावर नाडी चढतेय. मोठे डॉक्टर आधी माझ्यावर कडाडले, मग खुर्चीत बसून कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. दोघांची नावं चाचणीतून काढली. "दोन म्हाताऱ्यांचा येडेपणा," म्हणाले. "बाकी कुणाला साधा त्रास नाही. गोळी सौम्य आहे, उद्यापासून ठरल्याप्रमाणे ताकद दुप्पट."

बरोबरच असेल. तरी भीती वाटते. कशाची, ते सांगता येत नाही.

११ मार्च
सकाळी बाकावरच्या सगळ्यांना दुप्पट ताकदीच्या बाटल्या वाटल्या. माझ्याच हातांनी. घरी जायला काका तयार होऊन बसले होते, पेंटर त्यांची पिशवी भरत होते. मी चेष्टेनं म्हटलं, काय डोकं तुमचं, एवढ्या शिकल्या-सवरलेल्यांना फसवलंत!

पेंटर म्हणाले, "आमचं कसलं डोकं, सिस्टर? बाकावर सगळेच एकत्र ओततात, वाटून घेतात."