पंपांच्या फायली आणि पहिल्या ओळीतले नाव

मी, पाणीपुरवठा कार्यालयातली निवृत्त संगणक-व्यवस्थापक, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवते. वय झाले, डोके शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट मुले नकोच म्हणत होती.

१. राहते घर थोरलीचे व धाकट्याचे, निम्मे-निम्मे. गॅलरीची खोली त्यातल्या लवकर उठणाऱ्याची.

२. सायकल वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना. ती जिन्यात नडते अशी त्यांची कायमची तक्रार. आता स्वतःच हलवावी.

३. माझा संगणक थोरलीला. ती आता कार्यालयात माझ्याच खुर्चीत बसते, म्हणून त्यातल्या फायलींची हकिकत सांगते.

पंप सुरू करण्याचे आदेश आम्ही फायलींत लिहीत असू. ते वाचून यंत्राकडून काम करून घेतो तो शेल. एक शेल साधा, मोजकेच जाणणारा, दुसरा ऐसपैस. माझे सहकारी, ज्यांना सारे ऑफिस विस्तारराव म्हणे, ऐसपैस शेलच्या भाषेत लिहीत आणि फाईल कोणत्या शेलने वाचायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत नाव मात्र साध्याचे टाकत. आमच्याकडे दोन्ही नावांना ऐसपैसच ओ देई, म्हणून निभावले. मग नवी यंत्रणा आली, साध्या नावामागे खरोखर साधा शेल बसला, आणि एका सकाळी पंप लागलेच नाहीत. दवाखान्याची टाकी तळाला गेली. पंप हाताने सुरू करावे लागले.

साहेब विस्ताररावांवर घसरले. मला मात्र राहवेना: एक अक्षर न बदललेली फाईल आज का अडावी? आम्ही दोघे ओळ न् ओळ वाचत बसलो. जोड चौकटी कंसापाशी साधा शेल अडखळत होता; ते चिन्ह फक्त ऐसपैसला कळे.

"माझं वाक्य चुकलेलं नाही, वाचणारा बदललाय," ते म्हणाले.

"मग वाचणाऱ्याचं खरं नाव वर लिहायचं होतं," मी म्हणाले.

निर्णय माझ्यावर आला. पंपांसाठी मी साधा शेल ठरवला, कारण तो कुठल्याही यंत्रावर सापडतो. इतर फायलींना मोकळीक. फक्त पहिली ओळ खरी हवी. विस्ताररावांच्या फायली मी नव्याने लिहून घेतल्या. ते त्यांना लागले, आणि त्यांनी माझ्याशी बोलणेच टाकले. थोरलीने हवा तर हा निर्णय फिरवावा, पण आधी फायली दोन्ही शेलांत चालवून पाहाव्यात. काय निघते ते बघायला मला फार आवडले असते.

४. या लेखातल्या एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघाले, तर विस्तारराव लावतील तो धरावा. हे विचारायला मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी आधी माझ्यापुढे खुर्ची सरकवली.

मग म्हणाले, "मी ऐसपैस वाचेन हं."

"म्हणून तर आले," मी म्हणाले.

वाचून, समजून सही केली.
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार :
(सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई
(सही) कोपऱ्यावरचे चष्मेवाले

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ३ मार्च २०२४