थँक्यू लिहिणारा विद्यार्थी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी शिकवताना अडलं की मी अजून मनातल्या मनात तुम्हालाच विचारते. सध्या मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहते आणि घरातूनच ऑनलाइन गणित शिकवते. विद्यार्थी हजारोंनी आहेत, पण समोर फक्त कॅमेरा. एकाचंही तोंड दिसत नाही. धड्याखाली ते जे लिहितात त्यावरून त्यांचं मन ओळखणारी एक सोय कोर्सवाल्यांनी बसवली आहे. खूश असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, गोंधळलेल्यापुढे पिवळा, कोर्स सोडायच्या बेतात असेल त्याच्यापुढे लाल. तुम्ही हसला असतात.

कॅम्प चार या आपल्या वस्तीतल्या तुमच्या क्लासला असलं काही लागायचं नाही. खाली जीन्स शिवायची मशीनं धडधडत असायची आणि वर तुम्ही फळ्याशी. "समजलं का?" असं तुम्ही कधी विचारलंच नाहीत, कारण आमच्याकडची मुलं बाईंना नाही म्हणत नाहीत. मी तुमच्याकडे शिकत होते तेव्हा अंबरनाथची, माझे वडील कामाला होते ती कंपनी बंद पडली. घरी कुणी धड बोलत नव्हतं आणि मी वर्गात तुम्ही सांगाल त्या सगळ्याला हो म्हणत होते. तुम्ही खडू ठेवता, जवळ येता, म्हणता, "ते हो राहू दे. तोंड वर कर." मग मागच्या स्वयंपाकघरात नेऊन माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवता. काय झालं ते विचारत नाही. मी रडत रडत पोहे खाते, तुम्ही ओट्याशी उभ्या राहून चहा गाळता, आणि नंतर तेच गणित पहिल्यापासून सांगता.

परवा तुमची फार आठवण आली. एमआयडीसीतला एक ऑपरेटर माझ्या कोर्सला आहे, जवळपास माझ्याच वयाचा. परीक्षा पास झाला तर सुपरवायझर होईल, नाहीतर त्याला पुन्हा संधी नाही. प्रत्येक धड्याखाली तो "खूप छान मॅडम, थँक्यू" लिहायचा, म्हणून कायम हिरवा. पण सरावाची गणितं सगळी कोरी. मी फोन केला. आधी त्याने आढेवेढे घेतले, मग म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? पहिल्या धड्यापासनं सगळं डोक्यावरून जातंय. पण तुम्ही एवढं मन लावून शिकवता, तुम्हाला नाय समजलं कसं बोलायचं?" कोर्स सोडायचं त्याने ठरवूनही टाकलं होतं. शेवटचा थँक्यू हा निरोप होता. मी त्याला व्हिडिओ सुरू करायला लावला. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसलेला, केसांवर हेल्मेटची खूण. मी शेकडेवारी सांगत होते, तो हो हो करत होता आणि कपाळावरची आठी काही जात नव्हती. ती गेली तेव्हाच मी पुढे सरकले. रविवारी आम्ही पुन्हा बसणार आहोत. बाकीच्या हजारोंचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? तुमच्या क्लासच्या जागी आता गोदाम आहे. लिहून झालं की कपाटात ठेवून देईन. दर शनिवारी कोर्सवाले आम्हा शिकवणाऱ्यांनाही विचारतात, कसं वाटतंय? मी दर वेळी "मजेत"वर बोट ठेवते. बाई, तुम्ही गेल्यापासून माझं खोटं कुणी पकडलेलं नाही.