बांधाची माती तेवढी पुतण्याला

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, गुडघे निकामी पण डोके शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणील असा एक पुतण्याच आहे. त्याला आज मुद्दाम बाजारात पाठवले आहे. पूर्वी त्याच्या सांगण्यावरून केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. नदीकाठची खोलगट जमीन पक्षीमित्र मंडळाला. नदी पावसाळ्यापुरतीच येते, पण आली की या जमिनीवर पसरते आणि करकोचे आणि चमचे पक्षी बाभळींवर घरटी करतात. तिथे भराव, कुंपण, टपरी काहीही होऊ नये. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांच्या म्हशी चरल्या तरी चालतील.

२. पुतण्याविषयी. त्याची आई गेल्यावर त्याला मी वाढवले, याच पाण्यात पोहायला शिकवले. मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना त्याने स्वतःच्या हॉटेलसाठी माझ्या जमिनीत बांध घालून नदी अडवली. जमीन आज ना उद्या आपलीच, असे तो धरून चालला होता. वर मलाच विचारतो, "काकू, चिखल आणि बगळे, दुसरं होतं काय तिथं?" त्या वर्षी करकोचे आले, कोरड्या जमिनीवर घिरट्या घालून निघून गेले. मी खिडकीत बसून रडले. हे मी त्याला माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

३. राहते घर पुतण्याच्या बायकोला, तिच्या एकटीच्या नावे. त्याने तिथे तिच्या परवानगीने राहावे. सूनबाई, परवानगी लगेच देऊ नकोस.

४. पुतण्याला बांधाची माती, सगळीच्या सगळी. पिल्ले उडून गेल्यावर त्याने ती स्वखर्चाने उचलावी.

५. बांध गेल्या पावसाळ्यात पुराने फुटला, असे तो गावभर सांगतो आणि नदीला शिव्या घालतो. नदीवरचा हा आळ मला सहन होत नाही. बाळा, बांध मी फोडला. तू सासुरवाडीला गेला होतास तेव्हा, तुझ्याच जेसीबीने, तुझ्याच डिझेलवर. मी छत्री धरून शेवटपर्यंत उभी होते. फार बरे वाटले.

जेसीबीचा चालक आता दुसरीकडे कामाला आहे. साक्षीला बोलावले तर घाबरून म्हणाला, "आजी, साहेबांना कळलं तर?"

म्हटले, "कळावं म्हणूनच तुझी सही घेतेय."

साक्षीदार:
१. माझ्या गुडघ्यांचे डॉक्टर (सही)
२. वर सांगितलेला चालक (सही)

लिहून देणार: काकू (सही)
ठिकाण: राहत्या घरी, नदीकडची खोली
दिनांक: ११ जुलै