बुडालेल्या खाचराचा क्लेम

९ जून, संध्याकाळ
जव्हारहून परत. ‘पूर, धोका आणि विमा’ ह्यावर दिवसभराचं ट्रेनिंग होतं. आमच्या पाड्यातून मी एकटाच गेलो. सर्टिफिकेट मिळालं. जेवणात जिलेबी होती, म्हणजे विषय महत्त्वाचा आहे.

योगिता मॅडमनी फार छान समजावलं. काही पूर इतके मोठे की ते शंभर वर्षांतून एकदाचे धरतात. बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलं, माझ्या लगेच लक्षात आलं. आपल्या ओहोळाला तसला पूर दोन वर्षांपूर्वी येऊन गेला. राहिली अठ्ठ्याण्णव वर्षं. तेवढी सुट्टी! मॅडम पुढे ‘पण दरवर्षी धोका’ असं काहीतरी सांगत होत्या, तेव्हा मी जिलेबीच्या लायनीत होतो.

१० जून
बायकोला, रखमीला, सगळं सांगितलं. म्हणाली, ओहोळाकाठच्या खाचरातल्या भातावर आपण वर्षभर जेवतो, त्याचा विमा काढून टाक. मी अठ्ठ्याण्णव वर्षांचा हिशेब मांडून दाखवला. ती म्हणाली, ओहोळ काय तुझ्याबरोबर ट्रेनिंगला बसला होता? बायकांना आकडेवारी समजावणं कठीण.

पाड्याची पूर समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. ढवळूकाकाला सदस्य हो म्हटलं, तर म्हणाला, साठ पावसाळे ह्या ओहोळाच्या काठी काढले पोरा, आता मेंबर होऊन काय करू? माणूस जुन्या वळणाचा. पण शेजारी आहे, धरून राहायला हवं.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून ओहोळाचं पाणी मोजणे. त्यासाठी बांबूवर लाल रेघा ओढून ठेवल्या आहेत.

११ जून
उठलो साडेसातला. पाणी मोजलं नाही. पण अजून पाणी आलेलंच नाही, त्यामुळे बिघडलं नाही.

१९ जून
बांबू सापडेना. रखमीनं त्यावर काकडीचा वेल चढवलाय. जाब विचारला. म्हणाली, उभा होता रिकामा. मी पाणी आता नजरेनं मोजणार. अनुभवी माणसं तसंच करतात.

१२ जुलै
रखमी खोडाळ्याच्या बाजारातून आली. मीठ, सुक्या मिरच्या आणि विमा घेऊन आली! कागदपत्रं देऊन खाचराच्या भाताचा विमा परस्पर काढला. अध्यक्षाला न विचारता. पावतीवर नाव तिचं. खाचर तिच्या बापानं दिलेलं, सातबाऱ्यावर तिचंच नाव, त्यामुळे तसं लिहावं लागतं. तांत्रिक बाब आहे.

मला राग आला होता. मग वाटलं, मी ट्रेनिंगला गेलो म्हणून घरात विमा हा शब्द आला. म्हणजे विमा मीच काढला.

१६ जुलै
भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, संपली. कंबर मोडली. (रखमीची. मी बांधावरून ओळी सरळ येतात का बघत होतो.) रोपं हाताएवढी उभी आहेत. छान दिसतात.

२३ जुलै, सकाळी ७
ओहोळ आला. शंभर वर्षं पूर्ण न करताच आला. रातभर डोंगरावर पाऊस धो धो कोसळला आणि उजाडायला सगळं पाणी आमच्या खाचरात. बांध दोन ठिकाणी फुटला. अर्ध्या रोपांवर गाळ आणि धोंडे. रखमी फुटलेल्या बांधावर जाऊन उभी राहिली.

तिला सांगितलं, घाबरू नको, आपला विमा आहे. बहात्तर तासांच्या आत फोटोसकट कळवलं की झालं. मला सगळं पाठ आहे.

२३ जुलै, दुपारी
पाण्याबरोबर मासे चढले! अख्खा पाडा टोपल्या घेऊन खाचरात. आता मासे चढले आणि आपण बांधावर उभं राहिलो, असं इथे कुणाच्या बापजाद्यांनी केलेलं नाही. मीही उतरलो. एक मळ्या तर कोपरापासून हातभर! फोटोही काढून झाले, एकूण चौदा.

२३ जुलै, संध्याकाळी
फोटो तपासले. चौदाही फोटोंत मी आहे, मासा आहे आणि दोघांपैकी मी हसतो आहे. नुकसान कशातच दिसत नाही. उद्या नवे काढीन. कालवण मात्र झकास झालं होतं. रखमीनं दोनच घास खाल्ले.

२४ जुलै
खाचरात उभं राहून विम्याचं अ‍ॅप उघडलं. नेटवर्क नाही. टेकडीवरच्या मोठ्या खडकावर गेलो, तिथे दोन काड्या येतात. अ‍ॅप म्हणालं, तुम्ही शेतात नाही. परत खाली. नेटवर्क नाही. परत वर. तुम्ही शेतात नाही. असं पाच वेळा झालं. गुडघे गेले, पण अध्यक्षाला थकून चालत नाही.

जाताना रखमी म्हणाली, वर कुठे चाललास, खाली फावडं धर. मी म्हटलं, कुणीतरी डोकं चालवायला नको का?

२५ जुलै
आता अ‍ॅप सोडून टोल फ्री नंबर. सकाळपासून खडकावर. फोनवर गाणं वाजतं, मग आपला कॉल महत्त्वाचा आहे असं सांगतात, मग कट. एकदा बाई बोलली. गावाचं नाव विचारलं, तालुका मोखाडा सांगितला, आणि कट.

खडकावरून आमचं खाचर स्पष्ट दिसतं. तिथे वीस-पंचवीस माणसं जमली होती. आमचं नुकसान बघायला आली असणार. लोकांना माझ्याबद्दल केवढी माया आहे! ऊर भरून आला. ढवळूकाका खालून दोन्ही हात हलवून मला बोलावत होता. मीही वरून हात हलवला. म्हातारा वाटतो तितका वाईट नाही.

२६ जुलै, सकाळी ६
रात्र खडकावरच शेकोटी करून काढली. बहात्तर तासांतला शेवटचा एक तास राहिला असताना कॉल लागला! सगळं सांगितलं. तक्रार क्रमांक मिळाला, बारा आकडी. पेन नव्हतं, हातावर कोळशानं लिहिला. हा माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. धावत खाली निघालो.

२६ जुलै, सकाळी ८
खाचर हिरवं आहे.

बांध बांधलेले. धोंडे काढून एका बाजूला रचलेले. गाळ उपसलेला. आणि रोपं उभी, ओळीत. रखमी घरोघर फिरली होती. कुणाकडे आवणी होऊन रोपं उरली होती, त्यांनी जुड्या दिल्या. मग सगळा पाडा सावडीनं उतरला. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू, ही आमच्याकडची रीत. दोन दिवसांत काम उरकलं.

मी म्हटलं, अगं, पाहणी होईपर्यंत काही हलवायचं नव्हतं! रखमी म्हणाली, रोपं पाहणीसाठी थांबतात का? आणि खडकावर येऊन तुला सांगायला वेळ कुणाला होता? एवढं बोलून ती हसली. तीन दिवसांनी हसली. मला फार बरं वाटलं, पण ते मी दाखवलं नाही, कारण क्लेमचं वाटोळं झालं होतं.

ढवळूकाका म्हणाला, सावड तेरा घरांची झाली, फेडायला लाग. उद्या माझ्यापासून सुरुवात. म्हणजे पूर समितीचा दौरा उद्या ढवळूकाकाच्या शेतातून निघेल.

४ ऑगस्ट, दुपारी
पाहणीला साहेब आले. सावडीचा नववा दिवस, मी गुडघाभर चिखलात होतो, तसाच धावलो. साहेबांनी खाचराकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत खाचराकडे पाहिलं. नुकसान कुठे आहे म्हणाले. मी म्हटलं, खाली आहे साहेब, वरून दिसत नाही. पुरावा म्हणून फोटो दाखवले. साहेबांनी चौदाही फोटो नीट बघितले आणि विचारलं, हा मळ्या किती किलोचा होता?

रखमी पुढे झाली. सरळ सांगितलं, साहेब, पाण्यानं नेलं होतं, ते आम्ही परत लावलं. पीक उभं आहे, पोटापुरतं होईल. खोटं लिहू नका. साहेबांनी तिला नमस्कार केला. मला केला नाही, बहुतेक माझे हात चिखलाचे होते म्हणून.

४ ऑगस्ट, संध्याकाळी
पंचनाम्यात ‘पीक सुस्थितीत’ असं लिहिलं. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी म्हटलं, नावापुढे ‘अध्यक्ष, पूर समिती’ लिहा. साहेब म्हणाले, तो रकाना आधीच भरलाय.

वाचलं. ‘शेतकरी महिलेचा नवरा’ असं लिहिलं होतं.

सही केली.