मामांचे वय साडेपाच वर्षे नसल्याबाबत

प्रति,
मा. बॉयलर निरीक्षक,
बॉयलर परीक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वाफेच्या छोट्या इंजिनाचा दाब सहा किलो मंजूर करण्याबाबत व चालकाचे वय पूर्ववत सहासष्ट करण्याबाबत.
संदर्भ : आपले भागाकार केलेले मंजुरीपत्र.

महोदय,

आपण प्रथम आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी पाहणीस आलात तेव्हा जेवणाच्या टेबलावर पुढील वस्तू होत्या : इंजिन एक, लांबी पंच्याऐंशी सेंटिमीटर, चाके सहा, तांब्याचा बॉयलर एक, दाबमापक एक, आणि कोपऱ्यात मामीचे ताट. आपल्यासोबत मदतनीस दोन व शिडी एक होती. शिडी जिन्याच्या वळणावर अडकली. आपण "इंजिन कुठे उभं केलंय?" असे विचारलेत, तेव्हा मामी म्हणाली, "आमटीच्या पातेल्यामागे बघा."

१. शिडीचा दोष आमचा आहे. मॉडेल करणाऱ्यांची रीत अशी की, नकाशावर मापे मूळ मोठ्या इंजिनाची लिहायची आणि कोपऱ्यात '१:१२' हे प्रमाण टाकायचे. नकाशा मी काढला आणि अर्जातील लांबी व वजन त्यावरूनच उतरवले. दाब, चाके व चालकाचे वय मात्र खरे लिहिले होते.

२. चूक सुधारण्यासाठी मी आपणांस एका ओळीचे पत्र दिले : "अर्जातील आकडे कृपया बाराने भागून वाचावेत." मी विज्ञानाची पदवीधर असून 'कोणते आकडे' हे लिहायला विसरले. आपल्या कार्यालयाने विनंती मनापासून मान्य केली. लिपिकांनी संगणकावर भागाकाराचे सूत्र पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत ओढले. सुटला तो केवळ शुल्काचा रकाना.

३. त्यामुळे मंजुरीपत्रानुसार इंजिनाला अर्धे चाक आहे. वजन साठ टनांचे पाच टन झाले आहे. वस्तुतः लांबी, रुंदी व उंची तिन्ही घटत असल्याने वजन बाराने तीनदा भागावे लागते. ते सुमारे पस्तीस किलो भरते. मामा ते एकटे उचलतात आणि मग दोन दिवस कंबर धरून बसतात. इंजिन सार्वजनिक बागेतील रुळांवर चालवायचे असल्याने, पाच टन वाचून बाग खात्याने हिरवळ खचेल अशी हरकत घेतली होती. मामांनी इंजिन काखेत घेऊन त्यांचे कार्यालय गाठल्यावर ती मागे घेण्यात आली.

४. चालक, म्हणजे माझे मामा, निवृत्त लेथ कारागीर, यांचे वय साडेपाच वर्षे नोंदले गेले. चालक अज्ञान असल्याने पालकाची सही मागण्यात आली. मामांचे आईवडील हयात नाहीत, म्हणून मामीने सही केली व नात्याच्या रकान्यात 'पत्नी' असे लिहिले. साडेपाच वर्षांच्या मुलास पत्नी कशी, याचा खुलासा आता आपल्या कार्यालयाने मागितला आहे. मामीचे म्हणणे असे की, "वयाचं त्यांनी बरोबरच लिहिलंय. मी संसार कशाशी केला ते सरकारला आत्ता कळलं." हा अधिकृत खुलासा समजू नये.

५. खरी अडचण दाबाची आहे. इंजिन बारापट लहान केले म्हणून वाफेचा दाब बारापट कमी होत नाही. लहान प्रेशर कुकरलाही शिट्टीपुरती वाफ लागतेच. सहा किलोच्या जागी आपण अर्धा किलो मंजूर केला व सुरक्षा झडप तेवढ्यावर बसवून तिला सील ठोकले. याच बॉयलरमध्ये पाणी भरून आपण स्वतः बारा किलो दाब दिला होता. तेव्हा एक थेंबही गळला नाही, हे आपण नोंदवले आहे.

६. घाईचे कारण असे. पाच इंची रुळांचा फेरा या शहरात फक्त सार्वजनिक बागेत आहे आणि तो महिनाअखेरीस उखडून तेथे वाहनतळ होणार आहे. मामा हे इंजिन अकरा वर्षे घडवत आहेत. मामी पहिल्या वर्षापासून म्हणत आली आहे, "मला मागे बसवून एक चक्कर मारा, मग याला इंजिन म्हणेन. तोवर हे टेबल अडवणारं भांडं." मामांना ती एक चक्कर मारायची आहे. रूळ गेल्यावर इंजिन राहील, पण मामी म्हणते तेच राहील.

तरी मंजूर दाब सहा किलो करून झडपेचे सील शनिवारपूर्वी बदलून द्यावे. वय सावकाश दुरुस्त केले तरी चालेल. मामांची त्याबद्दल तक्रार नाही.

यापुढे भागाकार जपून सुचवणारी,
आपली नम्र,
चालकाची भाची
दिनांक : १८

सोबत :
१. सहाही चाकांचे छायाचित्र.
२. मामांचा जन्मदाखला.
३. मंजूर दाबावर, आपल्या लिपिकांसमक्ष, बागेत घेतलेल्या चाचणीचा तक्ता :
दाब : अर्धा किलो.
मागचा डबा रिकामा असताना कापलेले अंतर : एकोणीस सेंटिमीटर.
डब्यात मामी असताना कापलेले अंतर : शून्य.
मामी डब्यात बसून राहिल्याचा काळ : चाळीस मिनिटे.